विजेचा हिशेब

विजेची शेगडी आपण पाहिली असेल. बटण दाबले की तिची कॉईल लालभडक होते. पण ती वीज खाते किती? हे कसे काढायचे? गुणाकार-भागाकार येतो ना? मग हा हिशेब कुणालाही जमेल.

आधी तीन शब्द शिकू. माडीवर पाण्याची टाकी आहे. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा दाब जास्त. विजेलाही असाच दाब असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरी तो सुमारे २३० व्होल्ट असतो. नळीतून पाणी वाहते, तशी तारेतून वीज वाहते. हा झाला प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. नळी बारीक असली की पाणी कमी येते. तारही विजेला अशीच अडविते. या अडविण्याला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतील एक शाळामास्तर. दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध त्यांनी १८२७ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला.

आता दोन नियम पाठ करा :

दाब ÷ प्रवाह = रोध
दाब × प्रवाह = शक्ती

शक्ती वॅटमध्ये मोजतात. समजा, शेगडी ५ अँपिअर प्रवाह घेते.

रोध : २३० ÷ ५ = ४६ ओहम
शक्ती : २३० × ५ = ११५० वॅट

१००० वॅटची शेगडी एक तास चालली, की बिलात एक युनिट चढते. आपली शेगडी दोन तास चालली, तर २३०० भागिले १०००, म्हणजे २.३ युनिटे झाली.

आमच्या शेजारी अशीच एक शेगडी होती. तिची कॉईल मधेच तुटली. घरधन्याने जळका अर्धा भाग टाकला व उरलेली अर्धी कॉईल जोडली. ‘शेगडी आता झकास तापते!’ असे ते आम्हांला सांगू लागले. का बरे तापणार नाही? तार अर्धी झाली, की रोधही अर्धा होतो.

रोध : ४६ ÷ २ = २३ ओहम
प्रवाह : २३० ÷ २३ = १० अँपिअर
शक्ती : २३० × १० = २३०० वॅट

प्रवाह दुप्पट झाला. फ्यूज वारंवार उडू लागला. तेव्हा त्यांनी फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातली. फ्यूज उडायचा थांबला खरा. पण एके दिवशी भिंतीवरच्या वायरी जळू लागल्या. मुले घरातच होती. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून घर वाचले.

फ्यूज हा घराचा राखणदार आहे. प्रवाह वाढला की तो स्वतः जळतो आणि घर वाचवितो. नव्या घरांत त्याच्या जागी आपोआप पडणारे एमसीबीचे बटण असते. त्याचेही काम हेच. फ्यूज उडाला, तर त्याच्यावर रागावू नका. कारण शोधा. वायरमनला बोलवा. जाड तार मात्र कधीही घालू नका.

प्रश्न
१. प्रवाह कशात मोजतात?
२. एक इस्त्री २३० व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध व शक्ती काढा.
३. फ्यूजमध्ये जाड तार का घालू नये?

(दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : ११५ ओहम, ४६० वॅट.)