निघावे की थांबावे?



आपल्या ग्वाल्हेरला हिम पडत नाही. जानेवारीत धुके मात्र पडते, आणि मग सकाळी सहापासून माझा फोन वाजू लागतो : "बाई, आज शाळा आहे का?" अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची पत्रे येतात, त्यांतही हिवाळ्यात असाच प्रश्न असतो. बाहेर हिम पडते आहे, कामावर निघावे की घरी थांबावे? हा प्रश्न धैर्याचा नसून बराचसा विज्ञानाचा आहे, म्हणून या अंकात त्याविषयी लिहीत आहे.

प्रथम घर्षण. (मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. तिथेही 'घर्षण'च होते, एवढे बरे झाले.) कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ असतो. दाबल्या गेलेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल, हे वेगाच्या वर्गाला घर्षण गुणांक आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की मिळते. ताशी ५० कि.मी. वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. हिमावर तिला ४९ मीटर लागतात आणि बर्फावर जवळजवळ ९८! चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही. इंजिन कितीही दणकट असो, थांबवायचे काम शेवटी टायर आणि रस्ता यांनाच करायचे असते. म्हणूनच कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिवाळ्यात खास टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. साधे रबर थंडीत कडक होते आणि त्याची पकड जाते.

रस्त्यावर मीठ टाकतात ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणण्यासाठी. पण उणे ९-१० अंशांच्या खाली साधे मीठ फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय मीठ टाकणारी गाडी रस्त्यावर पोचायला हवी. ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची आहे ते अमेरिकेतील अटलांटा शहराने २०१४ साली अनुभवले.

बॉस्टनसारख्या शहरात वर्षाला सरासरी एक मीटरहून अधिक हिम पडते आणि तरीही कामे चालतात. अटलांटा दक्षिणेकडचे शहर, तिथे हिम क्वचितच. २८ जानेवारी २०१४, मंगळवार. हवामान खात्याने पहाटेच इशारा दिला होता, तरी शाळा आणि कार्यालये नेहमीप्रमाणे सुरू झाली. दुपारी हिम पडू लागताच शाळा, सरकारी कचेऱ्या आणि खासगी कंपन्या सर्व जवळपास एकाच वेळी सुटल्या. लाखो लोक एकदम रस्त्यावर आले. चाकांखाली हिम दबले, थोडे वितळले, पुन्हा गोठले आणि रस्त्यावर बर्फाचा थर तयार झाला. चढावर गाड्या घसरून आडव्या झाल्या. मीठ आणि वाळू घेऊन निघालेल्या गाड्याही त्याच कोंडीत अडकल्या. एकूण हिम किती पडले होते? अवघे साडेसहा सेंटीमीटर!

हजारो मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. त्यांचे शिक्षकही त्यांच्यासोबत राहिले. काही मुले तर बसमध्येच अडकली होती, त्यांना सोडवायला नॅशनल गार्डचे जवान पाठवावे लागले. एका बाळाचा जन्म महामार्गावर मोटारीतच झाला. पुढे गव्हर्नर नेथन डील यांनी जाहीर माफी मागितली. महापौर कासिम रीड यांनीही मान्य केले की सर्वांना एकदम सोडणे चुकले, आधी शाळा, मग खासगी कार्यालये, मग सरकारी असे टप्पे हवे होते. दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारीत, तिथे पुन्हा वादळ आले. या वेळी सुट्टी आधीच जाहीर झाली, लोक घरी राहिले आणि रस्ते ओस पडले.

हे वाचताना मला माझीच चूक आठवते. काही वर्षांपूर्वी मुले शाळेत पोचल्यावर धुके आणखी दाटले. मी घाबरले आणि नऊ वाजता सुट्टी देऊन टाकली. सगळे रिक्षावाले एकदम आले. फाटकासमोर अशी गर्दी झाली की समोरचा माणूस दिसेना. दोन लहान बहिणी घरी पोचल्या तर दाराला कुलूप, आई-वडील दोघेही कामावर. शेजारणीने त्यांना घरात घेतले म्हणून बरे. अकरा वाजता तर स्वच्छ ऊन पडले होते! सकाळी घरून निघावे की नाही, एवढाच विचार मी तोवर करत आले होते. निघालेल्याने परत केव्हा आणि कसे फिरायचे, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझ्या लक्षातच आला नव्हता.

तेव्हापासून आपल्या शाळेचा नियम असा आहे : धुक्याची सुट्टी द्यायची तर सकाळी सहाच्या आत. एकदा आलेले मूल धुके ओसरेपर्यंत शाळेतच राहील, आणि वर्ग नेहमीच्या वेळेलाच सुटतील. पालकांनी अशा दिवशी घाईने न्यायला येऊ नये.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी : वेग ताशी ५० ऐवजी ३० कि.मी. ठेवला, तर बर्फावर गाडी किती मीटरमध्ये थांबेल? गुरुत्व त्वरण ९.८ धरावे. उत्तर रीतीसह लिहून सोमवारी विज्ञानाच्या तासाला दाखवावे.