बोलके यंत्र आणि आपली सही

वाचकहो, मागील पाठात अर्ज कसा लिहावा हे आपण पाहिले. तारीख, कचेरीचे नाव, विषय, मजकूर आणि शेवटी सही, असा त्याचा क्रम आपण पाटीवर लिहून काढला. आता तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? मोबाईलला सांगितलं की तो अख्खा अर्ज लिहून देतो!"

हे म्हणणे खोटे नाही. यंत्र अर्ज लिहून देते, आणि तोही झटपट. म्हणूनच आजचा पाठ त्या यंत्राविषयी आहे. ते काय करते, कोठे चुकते, आणि त्याने लिहिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी आपण काय करावे, ते आम्ही सांगणार आहोत.

यंत्राची ओळख

या यंत्राला चॅटबॉट म्हणतात. चॅट म्हणजे गप्पा. आपण त्याला बोलके यंत्र म्हणू. यातले चॅटजीपीटी हे नाव फार गाजले. अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे ठेवले. गूगल कंपनीचे यंत्र म्हणजे जेमिनी. व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआय नावाचे यंत्र भारतात २०२४ साली आले. ही यंत्रे मराठी समजतात. लिहायला जमत नसेल तर पुष्कळ मोबाईलवर बोलूनही विचारता येते.

कल्पना मात्र जुनी आहे. जोसेफ वायझेनबॉम नावाचे प्राध्यापक अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होते. त्यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाच्या अशाच एका यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. माणसाने लिहावे, "मी दुःखी आहे." यंत्राने आपले शब्द उलटवून विचारावे, "तुम्ही दुःखी का आहात?" त्याला दुःख म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तरी माणसे त्याच्याजवळ मन मोकळे करू लागली. हे पाहून वायझेनबॉम स्वतःच चकित झाले. गोड बोलले म्हणजे सारे समजले असे नसते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

उत्तर तयार होते कसे?

आम्ही म्हटले, "दुष्काळात तेरावा", तर तुम्ही लगेच म्हणाल, "महिना". तुम्हाला विचार करावा लागला नाही. ही म्हण तुम्ही शंभरदा ऐकली आहे, म्हणून पुढचा शब्द आपोआप तोंडी आला.

बोलके यंत्र असेच शिकलेले आहे. त्याला अफाट मजकूर वाचायला दिला. पुस्तके, वर्तमानपत्रे, कागदपत्रे, सारे काही. त्यातून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभतो, हे ते शिकले. आपण प्रश्न विचारला की ते एकेक शब्द जोडत जाते आणि उत्तर उभे राहते. त्याने हजारो अर्ज वाचलेले आहेत. त्यामुळे त्याचा अर्ज नीटनेटका दिसतो.

पण गोम इथेच आहे. जे त्याने वाचले नाही, तेथेही ते शोभेलसा शब्द घालू शकते. तुमच्या गावच्या सोसायटीची सभा कधी आहे, हे त्याला ठाऊक नाही. तरी ते एखादी तारीख ठोकून देईल. खरे उत्तर आणि बनावट उत्तर, दोन्ही ते एकाच ठसक्यात सांगते. माणूस थाप मारताना अडखळतो. यंत्र अडखळत नाही.

दुसरे असे की, त्याचे वाचन जुने असू शकते. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुने कागद वाचलेले यंत्र अर्जात जुनेच नाव घालू शकेल. काही यंत्रे आता ताजी माहिती धुंडाळतात आणि ती कोठून घेतली तेही दाखवतात. ते ठिकाण उघडून आपण स्वतः वाचावे.

विचारावे कसे?

यंत्राला नुसते सांगितले, "वीजबिलाबद्दल अर्ज लिही", तर ते मनाचाच मजकूर लिहील. कामाला सांगताना आपण गड्याला काय सांगतो? कोणते शेत, कोणते अवजार, किती काम. तसेच इथे सांगावे. पुढील नमुना पाहा:

"वीज कचेरीला मराठीत अर्ज लिहून दे. माझे दरमहा बिल सुमारे ६०० रुपये येते. या महिन्यात १,२४० रुपये आले. बिलावर मीटरचे रीडिंग ४२८१ लिहिले आहे. आज मीटरवर ४२१८ दिसते. मीटर तपासून बिल दुरुस्त करून मिळावे, एवढीच मागणी आहे. भाषा सोपी ठेव. दहा ओळींपेक्षा जास्त नको. मी सांगितले नाही ते घालू नको."

यात कोणाला, कशाबद्दल, काय घडले, काय हवे, हे सारे आले. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. मात्र ते सांगितले म्हणून बिनघोर राहू नये.

सही कोणाची?

समजा, यंत्राने अर्ज लिहिला. अर्ज सुरेख आहे. पण मध्येच एक ओळ आहे, "यापूर्वीही मी दोन वेळा लेखी तक्रार केली होती, परंतु तिची दखल घेण्यात आली नाही." तुम्ही तर पहिल्यांदाच अर्ज करीत आहात! यंत्राने ही ओळ का घातली? तक्रारीच्या पुष्कळ अर्जांत ती असते, म्हणून ती त्याला शोभेशी वाटली.

तुम्ही न वाचता सही केली. साहेबांनी विचारले, "आधीच्या तक्रारी कोणत्या तारखेच्या? पोच दाखवा." आता काय सांगाल? यंत्राने लिहिलं म्हणाल? कागदाखाली यंत्राची सही नाही, तुमची आहे. ६३ युनिटांची तुमची खरी तक्रार त्या एका खोट्या ओळीमुळे संशयात सापडली.

हे शिकल्यासवरल्या लोकांनाही चुकलेले नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी २०२३ साली एका खटल्यात वकिलांनी न्यायालयापुढे जुन्या निकालांचे दाखले दिले. ते चॅटजीपीटीकडून मिळाले होते. शोध घेता त्यांतले कित्येक निकाल कधी झालेच नव्हते. त्यांपैकी एका वकिलाने यंत्रालाच विचारले होते, "हे निकाल खरे आहेत ना?" यंत्र म्हणाले, "खरे आहेत." जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. यंत्राला दंड झाला नाही, सही करणारांच्या बाजूला झाला. यंत्राच्या उत्तराची खातरजमा यंत्रालाच विचारून होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. त्या काळी बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. खतात काय लिहिले ते दुसरा वाचून दाखवी आणि शेतकरी अंगठा उठवी. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, तेव्हा अशी खते सरकारी नोंदणीदाराच्या देखरेखीखाली लिहिली जावीत अशी त्यात तरतूद केली. न वाचलेल्या कागदाने किती घरे बुडाली असतील! आज तुम्ही अक्षरे शिकलात. मग यंत्राचा कागद न वाचता सही करणे म्हणजे पुन्हा अंगठा उठवणेच झाले.

हिशेब तपासावा

बचतगटातील एका बाईने २०,००० रुपये घेतले. व्याज शेकडा दोन. तिने यंत्राला विचारले, "२०,००० रुपयांवर दोन टक्के व्याज किती?" यंत्राने सांगितले, "४०० रुपये." बाई खूश झाली. वर्षाचे ४०० म्हणजे काहीच नाही!

इथे कोण चुकले? आपल्याकडे शेकडा दोन म्हणजे दर महिन्याला शंभरास दोन रुपये. म्हणजे ४०० रुपये हे एका महिन्याचे व्याज. बारा महिन्यांचे ४,८०० रुपये झाले. बोली गावची आणि यंत्र परके. म्हणून प्रश्न असा विचारावा, "२०,००० रुपये, दर महिन्याला शंभरास दोन रुपये व्याज, मुदत बारा महिने. एकूण व्याज किती? पायरी-पायरीने दाखव." मग प्रत्येक पायरी स्वतः पाटीवर करून पाहावी. पाढे पाठ असलेल्या माणसाला यंत्र सहसा फसवू शकत नाही.

शिकण्यासाठी उपयोग

अभ्यासाला हे यंत्र फार चांगले सोबती आहे. ते कंटाळत नाही. दहादा विचारले तरी रागावत नाही. रात्रीचा वर्ग सुटल्यावर घरी सराव करायला त्याचा उपयोग करा. त्याला सांगा, "दुधाच्या धंद्यावर आठ सोप्या ओळी लिही. जोडाक्षरे कमी वापर." मग त्या ओळी मोठ्याने वाचा. कचेरीची नोटीस समजली नाही तर ती त्याला दाखवून म्हणा, "सोप्या मराठीत सांग." त्यानंतर मूळ नोटीस पुन्हा वाचा. तारीख आणि रक्कम मूळ नोटिशीतलीच खरी धरा.

एक पथ्य मात्र पाळा. आधी स्वतः लिहा, मग यंत्राला दाखवा. त्याला सांगा, "उत्तर देऊ नको. चूक कोणत्या ओळीत आहे तेवढंच सांग." मुलांनाही हीच सवय लावा. यंत्राने निबंध लिहिला तर वही भरेल, पण मुलाचा हात वळणार नाही. दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही.

कोठे यंत्रावर विसंबू नये

औषध, विष आणि पैसा या तीन ठिकाणी सावध राहावे.

ताप उतरत नसेल, छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. साप चावला तर यंत्राला विचारत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि दवाखाना गाठावा. फवारणीचे औषध किती घ्यायचे ते डब्यावरच्या चिठ्ठीवर वाचावे. शंका असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावे, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

बँकेचा पिन, ओटीपी आणि आधार क्रमांक यंत्राला सांगू नये. अर्जात क्रमांक हवा असेल तर तेथे रिकामी जागा ठेवायला सांगावे आणि तो हाताने भरावा. शेजाऱ्याची किंवा सुनेची खासगी गोष्टही तेथे लिहू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

सहीपूर्वीच्या पाच गोष्टी

१. यंत्राचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचा.
२. नाव, गाव, तारीख आणि रक्कम यांवर बोट ठेवून ती मूळ कागदाशी ताडून पाहा.
३. आपण न सांगितलेली ओळ असेल तर ती काढा.
४. न समजलेला शब्द ठेवू नका. त्या जागी आपला शब्द घाला.
५. आपल्या मनातले तेच कागदावर आले अशी खात्री झाली, तरच सही करा.

वाचकहो, यंत्राला भिऊ नका आणि त्याला देवही मानू नका. त्याच्याकडून काम अवश्य करून घ्या. लिहिण्याचे कष्ट त्याने वाचवले, तर तो वेळ वाचण्यात घाला.

प्रश्न

१. बोलके यंत्र खोटे उत्तरही ठासून का सांगते?
२. न्यूयॉर्कच्या वकिलांनी खातरजमा कशी करायला हवी होती?
३. १५,००० रुपयांवर शेकडा दोन दरमहा प्रमाणे सहा महिन्यांचे व्याज किती? पाटीवर करा.

करून पाहा

गावातील नळाला पाणी येत नाही, याविषयी ग्रामपंचायतीला अर्ज करायचा आहे. आधी स्वतः सहा ओळींचा अर्ज लिहा. मग तोच अर्ज यंत्राकडून लिहून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. यंत्राने कोणती नवी गोष्ट घातली, आणि ती खरी आहे का, हे पुढच्या वर्गात सांगा.