यंत्रांचे शिक्कामोर्तब

शाळेचा दाखला खरा की खोटा हे कसे ठरवतात? त्यावरील मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का पाहून. मराठीत पक्क्या झालेल्या गोष्टीला आपण ‘शिक्कामोर्तब झाले’ असे म्हणतो. पूर्वी राजपत्राच्या माथ्यावर शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब करीत. पत्र कोणाचे हे शिक्क्यावरून कळे आणि मोर्तब झाल्यावर खाली कोणाला ओळ वाढवता येत नसे.

आता अशी कल्पना करा, की पत्र पाठवणारा संगणक आहे आणि वाचणाराही संगणकच आहे. दोघांची कधी भेट झालेली नाही. एकाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ओळखता येत नाही. अशा वेळी विश्वास कोणावर आणि कसा ठेवायचा?

दूत आणि मालक

मोठ्या संस्थेत शेकडो, कधी हजारो संगणक असतात. प्रत्येकाजवळ जाऊन त्याची व्यवस्था पाहणे माणसाला शक्य नसते. म्हणून प्रत्येक संगणकावर एक छोटी आज्ञावली बसवतात. तिला ‘एजंट’ म्हणजे दूत असे म्हणतात. २००५ मध्ये पुढे आलेली ‘पपेट’ ही अशीच एक प्रणाली आहे. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली. तिचा दूत मूळ मांडणीप्रमाणे दर ३० मिनिटांनी मुख्य संगणकाशी संपर्क साधतो, आपल्या यंत्राची माहिती सांगतो आणि ‘कोणत्या फाइली असाव्यात, कोणत्या सेवा चालू असाव्यात’ याची यादी घेऊन ती अमलात आणतो.

यातील धोका तुमच्या लक्षात आलाच असेल. मुख्य संगणकाचे सोंग घेऊन कोणी भलतीच यादी दिली, तर भाबडा दूत तीही अमलात आणील आणि ते यंत्र चोराच्या ताब्यात जाईल. उलट, एखाद्या तोतया दूताने यादी मागितली, तर तिच्यातील परवलीचे शब्द त्याच्या हाती पडतील. तेव्हा येथे दोघांनीही एकमेकांची ओळख पटवली पाहिजे.

दोन किल्ल्यांची युक्ती

‘आपण दोघांनी एक गुप्त शब्द ठरवू’ ही युक्ती सुचणे साहजिक आहे. पण तो शब्द दोघांनाही ठाऊक असतो, म्हणून निरोप नेमका कोणी लिहिला हे तिऱ्हाइताला सिद्ध करून दाखवता येत नाही. शिवाय हजार यंत्रांसाठी असे शब्द आधी पोचवायचे कसे, ही अडचण उरतेच.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी निराळा विचार मांडला. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असावी. एक गुप्त किल्ली, ती कोणालाच द्यायची नाही. दुसरी उघड किल्ली, ती सर्वांना वाटायची. गुप्त किल्लीने सही करायची आणि उघड किल्लीने ती तपासायची. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी हे प्रत्यक्षात आणणारी रीत शोधली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरएसए’ म्हणतात.

ही रीत आपण लहान आकड्यांवर पाहू या. ३ आणि ११ या दोन मूळसंख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. आता दोन्हींतून १ वजा करा: २ आणि १०. त्यांचा गुणाकार २०. आता अशा दोन संख्या हव्यात, की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यास बाकी १ उरावी. ३ × ७ = २१, म्हणजे ३ आणि ७ चालतील. उघड किल्ली झाली (३३, ३) आणि गुप्त किल्ली (३३, ७).

समजा, निरोप आहे ४. सही करताना गुप्त किल्लीप्रमाणे ४ चा सातवा घात काढू: १६३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते १६. हीच सही! निरोप ४ आणि सही १६ अशी जोडी पाठवून द्यायची. तपासणारा उघड किल्लीप्रमाणे १६ चा घन काढतो: ४०९६. त्याला ३३ ने भागून बाकी येते ४. निरोपही ४, म्हणजे सही खरी. वाटेत कोणी ४ चे ५ केले असते, तर तपासणीत ४ च आले असते आणि लबाडी उघडी पडली असती.

३३ चे अवयव कोणीही पाडील आणि त्यावरून ७ ही गुप्त संख्याही शोधून काढील. म्हणून प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतात. २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव पाडण्यात आले, तेव्हा अनेक संगणक मिळून प्रचंड आकडेमोड करावी लागली. ६१७ अंकी संख्येपुढे ही पद्धत हतबल ठरते.

मजकूर लांबलचक असेल तर? आधी त्याचा ठरावीक लांबीचा गणिती संक्षेप काढतात आणि सही त्या संक्षेपावर करतात. ‘एसएचए-२५६’ ही रीत कितीही मोठ्या मजकुराचा २५६ बिटांचा संक्षेप काढते. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला, तरी संक्षेप पार बदलून जातो. जुन्या मोर्तबाचे काम येथे असे होते.

उघड किल्ली कोणाची?

पण खरी मेख पुढेच आहे. ‘ही माझी उघड किल्ली’ असे तोतयाही म्हणू शकतो! किल्ली आणि नाव यांची गाठ कोणी घालायची?

त्यासाठी दोघांचाही विश्वास असलेला तिसरा हवा. त्याला प्रमाणन अधिकारी म्हणतात. येथे हा अधिकारी म्हणजेही एक यंत्रणाच असते. नवा दूत प्रथम आपल्या किल्ल्यांची जोडी तयार करतो. गुप्त किल्ली स्वतःजवळ ठेवून, नाव आणि उघड किल्ली घालून तो अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवतो. चौकशी करून अधिकारी प्रमाणपत्र देतो. त्यावर धारकाचे नाव, उघड किल्ली, अनुक्रमांक, मुदत आणि अधिकाऱ्याची अंकीय सही असते. या प्रमाणपत्राचा सर्वमान्य नमुना १९८८ मध्ये ठरला.

प्रमाणपत्र काही गुप्त नसते. ते चोरूनही दाखवता येईल. म्हणून भेटीच्या वेळी समोरचा म्हणतो, ‘आपल्या आत्ताच्या या संभाषणावर सही करून दाखव.’ प्रत्येक संभाषणात नव्या यादृच्छिक संख्या मिसळलेल्या असतात. त्यामुळे कालची सही आज चालत नाही. गुप्त किल्ली खरोखर जवळ असलेलाच येथे उत्तीर्ण होतो. मुख्य संगणक आणि दूत दोघेही ही परीक्षा देतात आणि मगच कामाला लागतात.

मुदत का? किल्ली जितकी जुनी, तितकी ती चोरीस जाण्याची शक्यता अधिक. मुदतीपूर्वीच चोरी झाली, तर अधिकारी रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादी काढतो. गंमत अशी, की यंत्राचे घड्याळ चुकले असेल, तर चांगले प्रमाणपत्रही ‘मुदत सुरू झालेली नाही’ म्हणून नाकारले जाते!

कुंपणाचे काय?

आता सांगा, अधिकारीच फसला तर? नेदरलँड्समध्ये ‘डिजिनोटार’ नावाची प्रमाणपत्रे देणारी कंपनी होती. २०११ च्या जुलैमध्ये तिच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढून घेतली. त्यांतले एक गूगलच्या नावाचे होते. इराणमधील असंख्य लोक आपण गूगलशीच बोलतो आहोत असे समजत राहिले आणि त्यांची खाजगी पत्रे मधल्या मध्ये वाचली जाण्याची वाट मोकळी झाली. ऑगस्टअखेर हा प्रकार उघडकीस आला. ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्या कंपनीवरचा विश्वास काढून घेतला आणि सप्टेंबरमध्ये तिचे दिवाळे निघाले.

या प्रकरणात आरएसएचे गणित मोडलेले नव्हते. सही करणाऱ्या यंत्रणेची राखण नीट झाली नव्हती. पपेटसारख्या प्रणालीतही हीच चूक घडू शकते. कामाचा कंटाळा करून ‘येईल त्या अर्जावर आपोआप सही कर’ अशी सोय केली, तर दारात येणाऱ्या कोणत्याही तोतयाला प्रमाणपत्र मिळेल. योग्य रीत अशी, की अर्जातील किल्लीचा संक्षेप दोन्ही यंत्रांवर माणसाने स्वतः पडताळावा आणि मगच सही करावी. पहिल्या भेटीची ही खातरजमा केली, की पुढचे काम गणित चोख करते.

भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय सहीला मान्यता दिली. पुढे पुंज संगणक मोठे झाले, तर ते आरएसए मोडतील हे १९९४ पासून ठाऊक आहे. म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने सहीच्या नव्या रीती प्रसिद्ध केल्या. किल्ल्या बदलतील, पण त्या जपण्याची जबाबदारी बदलणार नाही.

करून पाहा

उघड किल्ली (३३, ३) आहे. दोन पत्रे आली आहेत. पहिल्यात निरोप ६, सही ३०. दुसऱ्यात निरोप ७, सही १०. यांतले बनावट कोणते?

उत्तर: ३० चा घन २७०००, ३३ ने भागून बाकी ६. पहिले पत्र खरे. १० चा घन १०००. बाकी १०, ७ नव्हे. म्हणून दुसरे पत्र बनावट. आता गुप्त किल्ली (३३, ७) वापरून निरोप २ ची सही तुम्हीच काढा. ती २९ आली पाहिजे.