बयाणा फेडू नका, दाखला मागा

‘वीटभट्टीवरून माणूस सोडवायचा तर किती द्यावे लागतील?’ पालघर, ठाणे, रायगडकडे भले लोकही वर्गणी काढून शेठचं देणं चुकतं करायला निघतात. एक रुपयाही देऊ नका. वेठबिगारीचं कर्ज 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेच बुडीत ठरवलंय. उलट ते वसूल करणाऱ्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नुसता बयाणा घेतला म्हणून कोणी वेठबिगार ठरत नाही. कातकरी जोडपी पावसाळ्यात बयाणा उचलतात, दिवाळीनंतर भट्टीवर जातात. त्यांना विचारायचं ते हे: उद्या दुसरीकडे चांगली मजुरी मिळाली तर जाता येईल? सणाला घरी जायला मालकाची परवानगी लागते? आधारकार्ड कोणाकडे आहे? जमलं तर हिशोबाची वही पाहा. बऱ्याचदा हजार विटांचा दर त्यात नसतोच. आठवड्याची खावटी मात्र न चुकता चढवलेली, अवकाळी पावसात भिजलेला मालही मजुराच्या नावावर, आणि हंगामाअखेर खाली ‘बाकी’. तीच पुढच्या वर्षीचा बयाणा होते. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये म्हटलंय.

भट्टीवर जाऊन शेठशी हुज्जत घालू नका, मोबाइलवर चित्रीकरणही नको. रातोरात माणसं हलवली जातात. गाव, भट्टीची जागा, मालकाचं नाव, कुटुंबं किती, एवढं टिपून साध्या कागदावर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. मारहाण किंवा कोंडून ठेवणं असेल तर 112, मुलं असतील तर 1098. दोन्ही फोन फुकट. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. वकीलही मोफत, त्यासाठी विधी सेवेचा 15100. खरा खर्च तालुक्याच्या खेपांचा आणि बुडालेल्या रोजाचा.

सगळं अडतं ते मुक्तता प्रमाणपत्रापाशी, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्यापाशी. माणसं घरी पोचवली की यंत्रणा हात झटकते आणि ‘आपसात मिटलं’ असा शेरा पडतो. तो मान्य करू नका; जबाब मालकासमोर नको, वेगळे घ्या म्हणून लेखी मागणी करा. वेठबिगारी आढळली की तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 10 लाखांचा निधी ठेवायचा असतो. पुनर्वसनाचे पुरुषाला 1 लाख, स्त्रिया-मुलांना 2 लाख, अतिगंभीर प्रकरणात 3 लाख. पण ही रक्कम खटल्याशी जोडलेली असल्याने ती लगेच हाती येईल अशी आशा कोणाला दाखवू नका. मालकाला दंड? 2,000 रुपयांपर्यंत. आकडा 1976 चाच आहे.

अर्जावर हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. चौकशी कोणी केली, कधी केली आणि जबाबांच्या प्रती, एवढंच मागा.