एक तारका, दोन तारका

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषेवर लेख लिहावा हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. त्यातून माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. वर्गात ‘आर्ग्युमेंट’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला भांडणाचीच आठवण झाली. पुढे त्यावरून खरोखरच भांडण होण्याची वेळ आली. ती हकिकत ओघाने येईलच.

फंक्शनला काम करण्यासाठी आपण जी मूल्ये पुरवितो ती आर्ग्युमेंट्स. गुइडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी तयार केलेली पायथन ही भाषा १९९१ साली प्रथम लोकांपुढे आली. २००८ साली निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण दिलेली नावे देवनागरीतही चालतात, हे मला कळले त्या दिवशी मी फार खूश झालो होतो. आज्ञाशब्द आणि आकडे मात्र रोमनच लागतात. या लेखात सर्व काही देवनागरीत दिले आहे. यंत्रावर बसाल तेव्हा डेफ, रिटर्न, सम वगैरे शब्द व आकडे रोमन लिपीत टंकावेत.

आमच्या गल्लीत बायकांचा एक बचत संघ आहे आणि त्याचा हिशेब माझी आई ठेवते. दर आठवड्याला कोणी शंभर देते, कोणी पन्नास, तर कोणी येतच नाही. तो हिशेब संगणकावर करून देतो म्हणून मी पुढे झालो व पहिले फंक्शन असे लिहिले :

डेफ जमा(अ, ब, क):
    रिटर्न अ + ब + क

तिघी आल्या तोवर ठीक. चौथीची रक्कम घालताच यंत्राने तक्रार केली की तीनच मूल्ये अपेक्षित असता चार दिली आहेत. दर आठवड्याला फंक्शन नव्याने लिहिणे तर शक्य नव्हते. यावर उपाय एका तारकेचा :

डेफ जमा(*रकमा):
    रिटर्न सम(रकमा)

आता तीन द्या, तेरा द्या, सर्व रकमा ‘रकमा’ या एकाच नावाखाली गोळा होतात. पुस्तकांतून येथे ‘आर्ग्ज’ हे नाव आढळते, पण ती केवळ प्रथा आहे; काम करते ती तारका. गोळा झालेल्या मूल्यांचा ‘टपल’ बनतो, आणि टपल एकदा बनला की त्यात खाडाखोड करता येत नाही. शाईने लिहिलेली रोजकीर्दच म्हणा ना! कोणीच आले नाही तर टपल रिकामा राहतो व बेरीज शून्य येते. सरासरी काढू गेल्यास मात्र शून्याने भागल्याची चूक येते, म्हणून तेथे आधी अट घालावी लागते.

रकमा अगोदरच एका यादीत असतील तर जमा(यादी) असे लिहून भागत नाही. मग सगळी यादी हीच एक रक्कम समजली जाते आणि बेरीज अडते. तेथे जमा(*यादी) असे लिहावे. फंक्शन लिहिताना तारका गोळा करते, बोलावताना तीच तारका सुटे करते. हे उलटसुलट माझ्या डोक्यात शिरण्यास दोन दिवस लागले.

उशिरा येणारीस दंड असतो. म्हणून मी डेफ जमा(*रकमा, दंड=०) असे केले आणि बेरजेत दंड मिळविला. तारकेनंतरचे मूल्य नावानिशीच द्यावे लागते : जमा(१००, ५०, दंड=१०). नाव विसरलात तर बेरीज तीच येईल, पण दहा रुपये तिसऱ्या बाईची ठेव म्हणून मोजले जातील. जमाखर्चात तत्त्वाची चूक म्हणतात ती हीच. तेरीज जुळते आणि चूक तशीच राहते.

आता दोन तारका. डेफ जमा(**ठेवी) असे लिहिल्यास जमा(काकू=१००, वहिनी=१५०) अशी नावांसह मूल्ये देता येतात व त्यांचा ‘डिक्शनरी’ हा संग्रह बनतो. मला ही सोय फार आवडली. आईच्या वहीतील नावे व रकमा मी एकामागून एक डिक्शनरीत भरल्या, दोन तारका लावून ती फंक्शनला दिली आणि छापलेला कागद बैठकीत वाचून दाखविला. एकूण सहाशे.

पेटीत आठशे होते.

कोणी काही बोलेना. आई माझ्याकडे पाहू लागली. कोपऱ्यावरच्या अक्का कानडी बोलणाऱ्या, त्या हळूच म्हणाल्या, “नन्न इन्नूरु रूपायि एल्लि?” माझे दोनशे कोठे? त्यांची रक्कम कागदावर नव्हतीच. एका बाईने तर संगणकाच्या नावाखाली काय चालले आहे, असेही विचारले. तो प्रश्न मला नव्हता, आईला होता, हे मला अधिक लागले.

आईने वही उघडली. वहीत अक्का दोन होत्या. एक कानडी, एक मराठी. कानडी अक्कांच्या नावापुढे आईने तुळशीचे पान काढले होते. टंकताना मी ते पान सोडून दिले होते. फंक्शन बोलावताना मी अक्का=२००, अक्का=५० असे थेट लिहिले असते, तर एकच नाव दोनदा आले म्हणून यंत्राने ते चालविलेच नसते. पण डिक्शनरीत तेच नाव पुन्हा आले की नवी रक्कम जुनीच्या जागी मुकाट्याने बसते. पन्नासांनी दोनशे गिळले. खतावणीत एकाच पानावर दुसरी नोंद पहिलीच्या खाली पडते. डिक्शनरीत ती पहिलीला पुसून टाकते. खतावणी शिकलेल्या माझ्यासारख्याने हे आधी ताडावयास हवे होते.

मग मी एका तारकेकडे परतलो. प्रत्येकीस खाते क्रमांक दिला :

डेफ जमा(*नोंदी):
    एकूण = ०
    फॉर खाते, रक्कम इन नोंदी:
        एकूण = एकूण + रक्कम
    रिटर्न एकूण

जमा((३, २००), (६, ५०)) याचे उत्तर अडीचशे येते. एकच क्रमांक दोनदा आला तरी दोन्ही नोंदी शाबूत राहतात. आई वहीत अजूनही पान काढते, मी क्रमांक टंकतो. कानडी अक्कांचे खाते तिसरे. हल्ली त्या पैसे पुढे करताना नाव सांगत नाहीत, नुसते “मूरु” म्हणतात आणि मी पडद्यावर तीन लिहिले की नाही ते वाकून पाहतात.