काडतुसाची पुंगळी आणि घरची समई

माकुणसार, केळवे, सफाळे हा पालघर तालुक्यातला समुद्राजवळचा भाग. तेथील घरांतून गणपतीच्या आधी पितळेच्या समया, तबके आणि घंगाळी माळ्यावरून खाली उतरतात. वर्षभरात त्यांची सोनेरी झळाळी गेलेली असते. काळपट थर चढलेला असतो आणि खाऱ्या, दमट हवेमुळे कोठे कोठे हिरवे डागही पडलेले असतात. मग चिंच, मीठ आणि राख यांच्या साहाय्याने घासाघीस सुरू होते.

विद्यार्थी मित्रांनो, पितळ स्वच्छ कसे करावे हा प्रश्न केवळ घरातल्या भांड्यांपुरता नाही. बंदुकीच्या आणि पिस्तुलाच्या काडतुसांच्या पुंगळ्याही पितळेच्याच असतात. बनविताना त्या अनेकदा धुवाव्या लागतात आणि अनेकदा त्यांना वंगण लावावे लागते. समई घासताना चूक झाली तर फार तर तिची चमक जाईल. पुंगळीच्या बाबतीत चूक झाली तर ती नेमबाजाच्या तोंडासमोर फुटेल. म्हणून या लहानशा नळीने धातुशास्त्रज्ञांना पुष्कळ विचार करावयास लावले. त्यातील एक महत्त्वाचा धडा तर आपल्याच देशातल्या पावसाळ्याने शिकविला.

पितळच कशासाठी?

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. पुंगळीच्या पितळात १०० भागांपैकी ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. या प्रमाणात जस्ताचे अणू तांब्याच्या स्फटिकरचनेत सामावून जातात आणि एकजिनसी, लवचीक धातू मिळतो. जस्त याहून बरेच वाढविले, तर दुसऱ्या प्रकारचे कठीण स्फटिक तयार होतात व थंड स्थितीत पत्रा ओढताना तो फाटू लागतो.

गोळी झाडली जाते तेव्हा पुंगळीचे काम पाहण्यासारखे असते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात वायूंचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,३०० पटींपर्यंत जाऊ शकतो. या दाबाने पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. फुगणे आणि आकसणे ही दोन्ही कामे पितळ उत्तम करते.

पण पितळ कसे घडविले आहे यालाही महत्त्व असते. मार्टिनी-हेन्री रायफलीच्या सुरुवातीच्या काडतुसांत पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून पुंगळी केलेली असे. १८८४-८५ च्या सुदानमधील लढायांत उष्णता आणि वाळू यांमुळे अशा पुंगळ्या बंदुकीत अडकू लागल्या. त्यानंतर अखंड ओढलेल्या पुंगळ्यांचा वापर रूढ झाला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे.

ओढकाम, साबण आणि आम्ल

पितळेच्या पट्टीतून एक गोल चकती कापतात. दाबयंत्राने तिची वाटी करतात. ती वाटी क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या साच्यांतून रेटतात. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते आणि लांबी वाढते. तळ मात्र जाडच राहतो.

येथे दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे घर्षण. पितळ पोलादी साच्यावर घासताना त्याचे कण साच्याला चिकटतात व पुढच्या पुंगळीवर ओरखडे पडतात. म्हणून साबणाच्या पाण्यासारखे वंगण वापरतात. साबणाचे रेणू धातूवर पातळ पदर धरतात, त्यामुळे पितळ व पोलाद यांचा प्रत्यक्ष स्पर्श टळतो.

दुसरी अडचण म्हणजे पितळाचे कठीण होणे. पुण्याच्या तांबट आळीत तुम्ही गेलात, तर कारागीर भांडे काही वेळ ठोकून पुन्हा तापवताना दिसतील. ठोकल्याने स्फटिकांची रचना विस्कटते व धातू ताठर होतो. तापविल्यावर नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. याला अनुशीतन म्हणतात. पुंगळीचेही दोन ओढकामांच्या मध्ये अनुशीतन करतात. पण तापविल्याने पितळावर ऑक्साइडचा थर चढतो. तो खरखरीत थर राहू दिला तर साचाच खराब होईल. म्हणून पुंगळी सौम्य गंधकाम्लात बुडवून काढतात, भरपूर पाण्याने धुतात आणि मगच नवे वंगण लावतात.

चिंच हेच काम करते. चिंचेत टार्टारिक आम्ल आहे, लिंबात सायट्रिक आम्ल आहे. ताम्र ऑक्साइड आम्लात विरघळून तांब्याचा क्षार व पाणी तयार होते आणि खालचा धातू उघडा पडतो. सौम्य आम्लाचा शुद्ध पितळावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते सोयीचे. पण भांडे रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले तर? जस्त हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. ते आधी निघून जाऊ लागते आणि सोनेरी पितळावर तांबूस छटा येते. म्हणजे आपण मळ काढता काढता धातूच काढू लागलो! आम्ल सौम्य असावे, वेळ थोडा असावा आणि शेवटी पाणी भरपूर असावे, हा नियम कारखान्यात आणि मोरीत सारखाच लागू आहे.

वापरलेली पुंगळी

काही देशांत नेमबाज मंडळी झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरतात. पुंगळी एकदा फुगली की पूर्ण मूळ मापावर येत नाही. म्हणून ती साच्यात दाबून मापात आणावी लागते. त्याआधी ती स्वच्छ करणे आवश्यक असते, कारण तिच्यावरचा वाळूचा एक कणदेखील साच्यावर कायमचा ओरखडा उमटवू शकतो.

त्यासाठी फिरत्या किंवा थरथरणाऱ्या डब्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा घालून त्यात पुंगळ्या घोळवितात. हे पदार्थ काजळीपेक्षा कठीण, पण पितळापेक्षा मऊ. त्यामुळे मळ जातो आणि पितळ झिजत नाही. आपल्याकडे चाळलेल्या राखेने भांडे घासतात, वाळूने घासत नाहीत, त्यामागचे तत्त्व हेच. मात्र काडतुसाच्या तळाशी असलेल्या स्फोटक टोपीत बहुधा शिशाचे संयुग असते. त्यामुळे या भरड्याची धूळ विषारी ठरते.

वंगणाचीही येथे गंमत आहे. पोलादी साच्यात पुंगळी दाबताना वंगण नसेल तर ती अशी रुतून बसते की निघता निघत नाही. टंगस्टन कार्बाइड हे अतिशय कठीण द्रव्य. पितळ त्याला चिकटत नाही. त्यामुळे त्याचे अस्तर असलेल्या साच्यात पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या वंगणाशिवायही चालतात. पण साच्यात मित्र असलेले वंगण नंतर शत्रू होते. ते आत झिरपले तर दारू आणि टोपी निकामी होतात. बाहेर राहिले तर झाडताना पुंगळी नळीच्या भिंतीला नीट धरत नाही आणि मागच्या भागावर जादा जोर येतो. म्हणून काम होताच वंगण पुसून टाकावे लागते.

पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

आता आपल्या देशातला धडा पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी हिंदुस्थानातील ब्रिटिश छावण्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडत असे. कोठारात ठेवलेल्या, कोणी हातही न लावलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. इंग्रजीत याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणजे ऋतुमानाने तडकणे असे नाव पडले.

दोष ऋतूचा होता का? काही अंशीच. छावणीत घोड्यांचे तबेले असत. घोड्याच्या मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू सुटतो. गोठ्यात नाकाला झोंबणारा वास येतो तो हाच. पावसाळी हवेतील ओलावा आणि ऑक्सिजन यांच्या सोबतीने अमोनिया तांब्याशी निळे, विद्राव्य संयुग बनवितो. तरीही एक कोडे उरते. असा वायू सगळ्या पितळाला लागला, तर सगळे पितळ सारखे झिजावे, तडा का जावा?

कारण पुंगळीच्या आत ताण दडलेला असतो. ओढकामानंतर तिचा काही भाग आतल्या आत ओढलेल्या रबरासारखा राहतो. अमोनिया स्फटिकांच्या सीमांवर सूक्ष्म खाच पाडतो, ताण ती खाच उघडतो, उघडलेल्या खाचेत अमोनिया आणखी आत शिरतो. असे होत होत भिंत आरपार चिरते. ताण, अमोनिया व ओलावा हे तिघे एकत्र आले तरच घात होतो. यांपैकी एकाला दूर केले की पितळ सुरक्षित राहते.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी या तडकण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पितळ सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत काही काळ तापविले, तर त्याचा कठीणपणा फारसा न जाता आतला ताण मात्र निघून जातो. हाच त्यावरील उपाय ठरला. पुंगळ्या धुण्यासाठी अमोनियायुक्त पॉलिश वापरू नये, असे जे सांगतात त्याचे मूळही येथेच आहे.

हे ज्ञान काडतुसांपुरते राहिले नाही. सातपाटीसारख्या मासेमारीच्या बंदरांना बर्फ लागतो. बर्फाच्या कारखान्यांत थंडावा आणण्यासाठी अमोनिया वापरतात, तेथे नळ आणि झडपा पोलादाच्या असतात, पितळेच्या नसतात. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हाही त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. आम्ल ऑक्साइड काढते व कथील चिकटते. पण तेथे काम क्षणाचे असते आणि भांडे लगेच पाण्यात जाते. नवसागराचा अंश पितळावर महिनोन्‌महिने ओलसर राहिला, तर मात्र तो धोक्याचा ठरेल.

करून पाहा (शिक्षकांच्या देखरेखीखाली)

१. काळवंडलेल्या पितळी पट्टीचे तीन भाग करा. एक चिंचेच्या कोळात, एक मिठाच्या पाण्यात आणि एक चिंच व मीठ यांच्या मिश्रणात पाच मिनिटे ठेवा. कोणता भाग सर्वांत लवकर उजळतो?

२. पितळी पत्र्याच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक सरळ ठेवा. दुसरी यू आकारात वाकवून टोके नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधा. एका बरणीत थोडा नवसागर आणि चुना पाण्याने ओलसर करून ठेवा. त्यावर, मिश्रणाला न लागता, दोन्ही पट्ट्या टांगा. झाकण सैल ठेवून बरणी मोकळ्या व्हरांड्यात ठेवा. वायूचा वास घेऊ नका, डोळे जपा आणि जवळपास ब्लीचिंग पावडर ठेवू नका. रोज भिंगातून बाक आलेला भाग पाहून टिपण ठेवा. तडा पडण्यास लागणारा काळ पत्र्याच्या जाडीवर व बाकावर अवलंबून राहील.

सावधान! काडतुसे बनविणे किंवा पुन्हा भरणे यासाठी आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो. कोठे काडतूस सापडले तर ते रिकामे वाटले तरी हात लावू नका, घासू नका. शिक्षकांना किंवा पोलिसांना कळवा.

विचार करा

१. गोठ्याच्या भिंतीवर पितळेची ठोकून केलेली घंटा आणि ओतीव घंटा टांगली, तर कोणती आधी तडकण्याचा संभव आहे? का?

२. समई घासून झाल्यावर ती कोरडी पुसून तेलाचा हलका हात फिरवतात. खाऱ्या हवेच्या गावात याचा काय उपयोग होतो?