लिफाफ्यावरील सत्तांतर

तिकिटे जमविण्याचा छंद आपल्या व्यवसायात अनेकांना असतो, टपाल-इतिहासाचा क्वचितच. तिकीट पाण्यात भिजवून लिफाफ्यापासून सोडविले की जणू रुग्णाचा केसपेपरच हरवतो. पत्र केव्हा, कोठून, किती दराने आणि कोणाच्या नजरेखालून गेले, हे लिफाफाच सांगतो. मी काही वर्षे स्पेनमधील १९३१ ते १९३९ या काळातील लिफाफे जमवीत आहे.

१२ एप्रिल १९३१ रोजी तेथे नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मोठ्या शहरांनी राजसत्तेविरुद्ध कौल दिला. १४ तारखेस प्रजासत्ताक घोषित झाले आणि राजे तेरावे आल्फोन्सो यांनी देश सोडला. त्यांचे चित्र असलेल्या तिकिटांचा साठा मात्र शिल्लक होता. मग बार्सिलोना, वालेन्सिया, माद्रिद येथे त्यांच्यावरच ‘रिपुब्लिका’ हा शब्द छापण्यात आला. आपणा गोमंतकीयांना याचे नवल वाटू नये. पोर्तुगालची राजेशाही १९१० साली संपल्यावर पोर्तुगीज हिंदुस्थानच्या तिकिटांवरही, राजाच्या चित्रावर, हाच शब्द उमटला होता.

संग्राहकाची परीक्षा येथेच होते. जुन्या तिकिटावर एक शब्द छापणे लबाड माणसास मुळीच अवघड नाही, म्हणून असे सुटे तिकीट मी घेत नाही. लिफाफा भिंगाखाली धरतो. छापलेला शब्द शिक्क्याच्या शाईखाली आहे की वर? शिक्का तिकिटाच्या कडेवरून कागदावर अखंड उतरला आहे का? तिकिटांची बेरीज त्या वेळच्या दराशी जुळते का? एकाच लक्षणावरून निदान न करण्याची आपली सवय इथे कामी येते. शब्द शिक्क्याच्या वर आढळला, तर तो मागाहून छापलेला. मग विक्रेत्याने काहीही सांगो.

जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि एका देशात दोन सत्ता, दोन टपाल व्यवस्था झाल्या. फ्रँकोच्या बाजूच्या प्रदेशातील लिफाफ्यांवर ‘सेन्सुरा मिलितार’ म्हणजे लष्करी तपासणीचा शिक्का दिसतो आणि त्यात बहुधा गावाचे नाव असते. त्या तारखेस ते गाव कोणाच्या ताब्यात होते, हे त्यावरून कळते.

बिल्बाओ शहर जून १९३७ मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती गेले. तेथून पाठविलेले दोन लिफाफे माझ्यापाशी आहेत, एक त्या वर्षीच्या एप्रिलचा आणि दुसरा ऑक्टोबरचा. हस्ताक्षर तेच, पत्ताही तोच. पहिल्यावर प्रजासत्ताकाचे तिकीट आहे, दुसऱ्यावर लष्करी शिक्का. आणि दुसऱ्याच्या पाठीवर, जे पहिल्यावर नाही, ते पाठविणाऱ्याचे पूर्ण नाव व घरचा पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेला आहे.